आरोग्य-प्रश्नोत्तरे : यकृताची शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीतून की रोबोटने?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील आमच्या लेखानंतर इंदूर, देवास आणि महू येथून जी पत्रे आली, त्यांपैकी बरीच यकृताच्या शस्त्रक्रियेविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. रुग्णाचे कागद आणि स्कॅन प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत, मात्र त्या डॉक्टरांशी बोलताना ती उपयोगी पडावीत अशी अपेक्षा आहे.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. नुकत्याच केलेल्या सी.टी. स्कॅनमध्ये यकृताच्या डाव्या कडेला अडीच सेंटिमीटरची एकच गाठ दिसली आहे. येथील एका सर्जनांनी पोट उघडून शस्त्रक्रिया करू असे सांगितले, दुसऱ्यांनी ती दुर्बिणीतून होईल असे म्हटले, आणि मुंबईचे माझे दीर रोबोटचा आग्रह धरून बसले आहेत. दुर्बिणीतून केले तर कर्करोग आत राहून जातो, असे नात्यातील एका वडीलधाऱ्यांनी सांगितल्यापासून सासूबाई फार घाबरल्या आहेत. आम्ही काय समजावे? (एक भगिनी, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : आधी सासूबाईंच्या भीतीविषयी. १९९०च्या दशकाच्या आरंभी यकृताचा भाग दुर्बिणीतून काढण्यास सुरुवात झाली, तेव्हा ही शंका खुद्द सर्जनमंडळींच्याही मनात होती. हाताने चाचपता येत नसताना गाठीची कड नेमकी कळेल का, पोट फुगवण्यासाठी भरलेला वायू कापलेल्या शिरेतून रक्तात शिरेल का, आणि रक्तस्राव सुरू झालाच तर तो वेळेत आवरता येईल का, हे तिन्ही प्रश्न रास्त होते. त्यामुळे २००८ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे जगभरातील यकृत-सर्जन एकत्र आले, तेव्हा त्यांनी हात आखडूनच शिफारस केली. पाच सेंटिमीटरपर्यंतची, एकच आणि यकृताच्या कडेच्या भागातील गाठ ही दुर्बिणीसाठी सर्वांत योग्य, असे त्यांनी म्हटले. यकृताचा डावीकडील कडेचा भाग काढण्यासाठी मात्र दुर्बीण हीच रूढ पद्धत मानावी, इतके त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून सासऱ्यांची गाठ नेमकी याच वर्गात बसते.

कर्करोग मागे राहतो का, या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर नॉर्वेतून आले. ओस्लो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१२ ते २०१६ या काळात, मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या २८० रुग्णांवर चाचणी झाली. कोणाचे पोट उघडायचे आणि कोणाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करायची हे सर्जनच्या पसंतीवर न सोडता सोडतीने ठरवले गेले, आणि या चाचणीचे वजन त्यातच आहे. पहिल्या तीस दिवसांत दखल घेण्याजोगी गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात १९ टक्के, तर पोट उघडलेल्या गटात ३१ टक्के रुग्णांना झाली. शस्त्रक्रियेनंतरचा रुग्णालयातील मुक्काम अनुक्रमे ५३ आणि ९६ तासांचा होता. शस्त्रक्रियेला लागलेला वेळ आणि गेलेले रक्त यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे याच रुग्णांचा पाठपुरावा करून २०२१ साली दीर्घकालीन निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के होते, म्हणजे व्यवहारात सारखेच. सासूबाईंना हे आकडे अवश्य वाचून दाखवा. मात्र त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी सांगा : दुर्बिणीमुळे आयुष्य कमी होत नाही, तसे ते वाढतही नाही. फायदा आहे तो वेदना, गुंतागुंत आणि पूर्ववत हिंडण्या-फिरण्याला लागणारे दिवस यांत. या वयाच्या माणसासाठी तोही थोडाथोडका नव्हे.

त्या ५३ तासांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण हा आकडा ऐकून नातेवाईक लगेच परतीचे तिकीट काढू पाहतात. यकृत कापल्यावर त्याच्या कडेवरील बारीक पित्तनलिकांतून पित्त गळू शकते, आणि हे कधीकधी घरी गेल्यानंतर, ताप आणि पोटदुखीच्या रूपाने कळते. ओस्लोच्या रुग्णाला त्रास झाला तर पुन्हा दाखवण्याची व्यवस्था त्याच्या हाताशी असते. शस्त्रक्रिया मुंबईला करवून तिसऱ्या दिवशी अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला परतलेल्या रुग्णाला रात्री थंडी वाजून ताप आला, तर त्याचा स्कॅन पाहणारा सर्जन सहाशे किलोमीटरवर असतो. मुंबईचे ठरलेच, तर सुट्टी मिळाल्यावर निदान आठ-दहा दिवस दिरांकडेच राहावे आणि पहिली फेरतपासणी तेथेच करून मग निघावे, असे माझे मत आहे.

आणखी एक पर्याय तुमच्या पत्रात कोणाच्याच तोंडून आलेला दिसत नाही. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींमध्ये सुई घालून उष्णतेने त्या जाळून टाकण्याची पद्धत आहे. नेदरलँड्समधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या कोलिजन या चाचणीत सोडतीने शस्त्रक्रिया आणि ही पद्धत यांची तुलना झाली. जगण्याच्या प्रमाणात सुईची पद्धत उणी ठरली नाही आणि तिच्यात दुष्परिणाम बरेच कमी आढळले, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. प्रत्येक गाठ सुईच्या टप्प्यात येत नाही. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या गाठीत उष्णता वाहत्या रक्ताबरोबर निघून जाते आणि गाठ अर्धवट जळते. तरीही अडीच सेंटिमीटरच्या एकट्या गाठीसाठी हा प्रश्न न विचारता शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. सर्जन, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून निर्णय घेणे उत्तम, आणि जेथे अशी बैठक होते तेथे रुग्णाच्या कागदांवर तशी नोंदही असते.

प्रश्न : रोबोटने केलेल्या यकृताच्या शस्त्रक्रियेत रूपांतर, रक्तस्राव आणि गुंतागुंत दुर्बिणीपेक्षा कमी असते, असे हजारो रुग्णांच्या अभ्यासाचा हवाला देऊन एका पुरवणीत छापून आले होते. उभा जन्म बँकेत आकड्यांशी खेळण्यात गेल्यामुळे मला अशा बातम्यांचा चटकन विश्वास वाटत नाही. या आकड्यांकडे कसे पाहावे? (एक निवृत्त बँक अधिकारी, टिळकनगर, इंदूर)

उत्तर : तुमचा संशय योग्य जागी आहे. प्रथम यंत्राविषयी थोडक्यात, कारण रोबोट म्हटल्यावर यंत्र आपणहून कापते असा समज अजूनही आढळतो. सर्जन त्याच खोलीत एका आसनासमोर बसून दोन्ही हातांनी नियंत्रक हलवतो आणि रुग्णाच्या पोटात गेलेले यंत्राचे हात त्याबरहुकूम हलतात. साध्या दुर्बिणीची अवजारे काठीसारखी सरळ असतात, रोबोटची अवजारे टोकाशी मनगटाप्रमाणे वळतात आणि दृश्य त्रिमितीय असते. अमेरिकेत दा विंची या यंत्रणेला २००० साली मान्यता मिळाली. आता एस.एस.आय. मंत्र ही भारतीय बनावटीची यंत्रणाही वापरात आहे. यकृताच्या मागच्या व वरच्या, छातीच्या पडद्याखाली दडलेल्या भागात टाका घालायचा झाल्यास वळणाऱ्या मनगटाचा उपयोग होतो, यात शंका नाही.

रूपांतर याचा अर्थ दुर्बिणीने किंवा रोबोटने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागणे. अनेक देशांतील केंद्रांनी एकत्र येऊन दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोबोटच्या गटात रूपांतर आणि रक्तस्राव कमी आढळले, हे खरे आहे. पण या रुग्णांचे गट सोडतीने पाडलेले नव्हते. कोणाला रोबोट आणि कोणाला दुर्बीण हे त्या त्या वेळी सर्जनने, रुग्णाने आणि रुग्णाच्या खिशाने ठरवले होते. तुमच्याच व्यवसायातले उदाहरण द्यायचे, तर एका शाखेने केवळ जुन्या आणि चोख खातेदारांना कर्जे दिली आणि दुसरीने मागेल त्याला दिली, तर पहिलीची थकबाकी कमी दिसेलच. त्याचे श्रेय शाखेच्या नव्या संगणकाला देता येणार नाही. संशोधकांना हे ठाऊक असते, म्हणून ते वय, गाठीचा आकार, सिरोसिस (म्हणजे यकृत घट्ट होऊन त्याचे काम मंदावणे) अशा गोष्टींत सारखे असलेले रुग्ण जुळवून जोड्या लावतात. त्याने बराच फरक निघून जातो, परंतु नोंदवहीत जे लिहिलेलेच नाही ते जुळवता येत नाही. शिवाय रोबोट बहुतेक ठिकाणी उशिरा आला, आणि तो हाती घेणारे सर्जन आधी दुर्बिणीत तयार झालेले होते. त्यामुळे यंत्राचा गुण आणि अनुभवाचा गुण एकमेकांत मिसळून जातात.

हा अनुभव किती मोलाचा असतो, याचा एक जुना पण बोलका दाखला आहे. फ्रान्समधील एका नामांकित केंद्राने २००९ साली आपल्या १७४ दुर्बीण-शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. क्रमाने त्यांचे तीन सारखे गट केले, तेव्हा रूपांतराचे प्रमाण पहिल्या गटात १५.५ टक्के, दुसऱ्यात १०.३ आणि तिसऱ्यात ३.४ टक्के भरले. सर्जन तेच, रुग्णालय तेच, पद्धत तीच. हात बसायला साधारण साठ शस्त्रक्रिया लागतात, असा अंदाज त्यातून निघाला. रोबोट आणि दुर्बीण यांच्यात मिळणाऱ्या फरकापेक्षा हा फरक लहान नाही.

सोडतीने गट पाडून रोबोट आणि दुर्बीण यांची समोरासमोर तुलना करणारी एक चाचणी जर्मनीत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. तीत ८० रुग्ण होते. तीन महिन्यांनंतर रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या जीवनमानात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. ऐंशी हा आकडा मोठा नाही आणि एवढ्यावरून रोबोट निरुपयोगी ठरत नाही, पण पुरवणीतील मथळ्यापेक्षा मी या छोट्या चाचणीला अधिक मान देईन. मोठ्या शस्त्रक्रियेत, म्हणजे यकृताचा अर्धा भाग काढताना, पोट उघडणे आणि दुर्बीण यांची तुलना युरोपातील १६ केंद्रांनी ३५२ रुग्णांवर सोडतीनेच केली. तिचा निकालही २०२४ साली आला. रुग्ण आपल्या पायावर उभा राहण्यास दुर्बिणीच्या गटात चार, तर दुसऱ्या गटात पाच दिवस लागले. एका दिवसाचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु ज्यांना पुढे केमोथेरपी द्यायची होती, त्यांना ती दुर्बिणीच्या गटात सरासरी दोन आठवड्यांनी लवकर सुरू करता आली. कर्करोगाच्या रुग्णाला ही गोष्ट त्या एका दिवसापेक्षा मोठी वाटावी.

आकड्यांकडे पाहण्याची सवय असल्यामुळे तुम्हाला आणखी एक मोजमाप आवडेल. एकेक गुंतागुंत सुटी मोजण्याऐवजी, सगळे सुरळीत पार पडलेले रुग्ण किती, असे आता मोजतात. शस्त्रक्रियेत मोठा प्रसंग ओढवला नाही, उपचार करावे लागतील अशी पित्तगळती झाली नाही, गंभीर गुंतागुंत नाही, सुट्टीनंतर तीस दिवसांत पुन्हा दाखल व्हावे लागले नाही, रुग्णालयात मृत्यू नाही आणि काढलेल्या भागाच्या कडेवर कर्करोगाच्या पेशी नाहीत : हे सर्व एकाच रुग्णाच्या बाबतीत साधले तरच तो आदर्श निकाल. एका कलमात सूट मिळवून दुसऱ्यात झाकपाक करता येत नाही, म्हणून हे माप मला प्रामाणिक वाटते. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचे कोणी सर्जनला भेटाल, तेव्हा यंत्राची चौकशी मागाहून करा. गेल्या वर्षी अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांतील किती मध्येच उघड्या कराव्या लागल्या, किती जणांना पित्तगळती झाली, हे आधी विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. आपले आकडे त्याला पाठ असतात.

प्रश्न : वडिलांना हिपॅटायटिस बी मुळे सिरोसिस आहे. सोनोग्राफीत यकृताच्या पुढच्या कडेला तीन सेंटिमीटरची गाठ दिसली आणि पुढील तपासण्यांत तो यकृताचाच कर्करोग असल्याचे निघाले. सिरोसिसमध्ये शस्त्रक्रिया झेपत नाही असे आम्ही ऐकत आलो, परंतु आता दुर्बिणीतून ती सुरक्षित आहे असे सांगतात. दोन सेंटिमीटरच्या छिद्रांमुळे आतल्या यकृताला काय फरक पडणार? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. आत यकृत तेवढेच कापले जाते, म्हणून सिरोसिसचा मूळ धोका, म्हणजे उरलेले यकृत शरीराचा भार पेलू न शकणे, हा छिद्रांच्या आकाराने टळत नाही. निरोगी यकृताचा पाव ते तीस टक्के भाग शिल्लक ठेवून भागते, सिरोसिसच्या यकृताचा सुमारे चाळीस टक्के तरी ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी किंवा त्यानंतर कावीळ दाखवणारे बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची आय.एन.आर. ही तपासणी दोन्ही वाढलेल्या असल्या, तर यकृत कमी पडत असल्याचे समजतात. त्या दिवसाचा रिपोर्ट मागून घेण्यास संकोच करू नका.

फरक पडतो तो पोटाच्या भिंतीमुळे. सिरोसिसमध्ये यकृतातून वाट न मिळालेले रक्त पोटाच्या भिंतीतील आडवाटांच्या शिरांनी परत फिरते. बरगड्यांखालची लांब चीर त्या शिरा आणि लसवाहिन्या कापते. मग जलोदराचे पाणी साठते, जखम ओली राहते, रुग्ण खंगतो. दुर्बिणीत ही भिंत बरीचशी शाबूत राहते. शिवाय पोटात सुमारे १२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू यकृताच्या बारीक शिरांतून झिरपणाऱ्या रक्ताला थोपवतो. सर्जन ध्वनिलहरींच्या अवजाराने यकृताचा मऊ भाग कणाकणाने बाजूला करतो आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक बारीक नलिकेला चाप लावून मगच ती कापतो. यकृताकडे जाणारा रक्तपुरवठा फितीने आवळायचा झाल्यास तो पंधराएक मिनिटांनी सोडून, यकृताला पाच मिनिटे विसावा देऊन, पुन्हा आवळतात. सिरोसिसच्या रुग्णांच्या नोंदींवरील अभ्यासांत दुर्बिणीनंतर जलोदर आणि यकृत निकामी होण्याचे प्रमाण कमी दिसते. हे अभ्यास बहुतांशी सोडतीचे नाहीत, म्हणून मागच्या उत्तरातील सावधगिरी येथेही लागू आहे. तरी पुढच्या कडेची लहान गाठ, कावीळ नाही, जलोदर नाही, प्लेटलेट फार उतरलेल्या नाहीत, असा रुग्ण असेल तर मी दुर्बिणीच्या बाजूने झुकेन.

एक दुरुस्ती करतो. छिद्रे लहान असली, तरी काढलेला भाग बाहेर घ्यायला त्याहून मोठी वाट लागते. तो पोटातच प्लास्टिकच्या पिशवीत भरतात आणि बेंबीजवळ किंवा ओटीपोटावर बोटभर लांबीची वा गरजेप्रमाणे त्याहून मोठी आडवी चीर घेऊन अखंड काढतात, कारण तुकडे केले तर कडेची तपासणी करता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर ती चीर पाहून नातेवाइकांनी फसवणूक झाल्याचा समज करून घेऊ नये.

वडिलांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे मत पोटविकारतज्ज्ञांचे आहे. सिरोसिस पुढच्या टप्प्यात असेल, तर गाठ काढूनही आजारी यकृत तसेच राहते आणि नवी गाठ उठू शकते. तेव्हा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. हिपॅटायटिस बी वरील गोळ्या शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान आणि नंतरही चालू ठेवायच्या असतात, त्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. घरातील सर्वांनी त्याची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी.

प्रश्न : दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत माझ्या यकृतात चार सेंटिमीटरचा हिमॅन्जिओमा निघाला. काही त्रास नाही. आता दुर्बिणीतून दोन दिवसांत काम होते, तर काढून टाकून मोकळे व्हावे असा सल्ला मिळाला आहे. विमा यातले किती देईल, हेही कळवावे. (एक भगिनी, स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : काढू नका. हिमॅन्जिओमा हा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा असतो, तो कर्करोगात बदलत नाही, आणि त्रास नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. निदान स्कॅनने पक्के झाले आहे एवढे मात्र पाहून घ्या. दुर्बीण सोपी झाली म्हणून निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रियांची व्याप्ती वाढवू नये, असे लुईव्हिलच्या त्या परिषदेनेच बजावले होते.

विम्याचा प्रश्न तुमच्यासाठी आता उरत नाही, पण तो इतर पत्रांतही आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ज्या आधुनिक उपचारांना आरोग्य विम्यातून वगळू नये असे ठरवले, त्यांत रोबोटची शस्त्रक्रिया येते. मात्र तिच्यासाठी वेगळी कमाल मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे, आणि ती मर्यादा पॉलिसीच्या आतल्या पानांवर असते. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता ते खुले झाले आहे. तेथे पैसे ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात, म्हणून दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आयुष्मान मित्राकडून, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाकडून, आपली शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजात बसते आणि रोबोटचा वाढीव खर्च कोणावर पडेल, हे लेखी घ्यावे. खासगी विम्यात हेच काम पूर्वमंजुरीच्या पत्राने होते. त्या पत्रात रोबोटचा उल्लेख आणि मंजूर रक्कम दोन्ही असल्याची खात्री करावी.